घड्याळाचा सातबारा

रामटेक तालुक्यात धानाच्या बांधीचा सौदा ठरतो तेव्हा घेणारा मातीचा कस पाहतो, पाण्याची सोय विचारतो, वाटेचा हक्क विचारतो. पण इसाराची रक्कम हाती देण्यापूर्वी तो सातबाराचा उतारा मागतो, कारण जमीन कितीही कसदार असली तरी ती कोणाची आणि तिच्यावर कोणाचा बोजा आहे हे सांगणारा कागद नसेल, तर तिचा भाव पडतो किंवा व्यवहारच फिसकटतो. सराफाच्या पेढीवरचा हिशेब याहून सोपा असतो. तेथे दागिना मोडीस आला की वजन आणि कस पाहिला जातो, घट वजा होते आणि घडवताना मोजलेली मजुरी कायमची बुडते. लाखो रुपयांना विकल्या जाणाऱ्या मनगटी घड्याळाला सराफाचा हा हिशेब लावला तर हाती जवळजवळ काहीच येत नाही, कारण पोलादी घड्याळातील पोलादाची मोड काही रुपयांपलीकडे जात नाही. तरीही त्याच जातीची काही घड्याळे दुसऱ्या हाती जाताना दुकानातील किमतीपेक्षा अधिक भावाने जातात. येथे धातू क्षुल्लक आहे आणि मजुरी बुडण्याऐवजी वाढली आहे. हे कसे घडते, ते घडवून कोण आणते आणि मुंबईच्या बाजाराचा त्यात काय वाटा आहे, हे समजून घेताना सराफाच्या तराजूपेक्षा तलाठ्याचे दप्तर अधिक उपयोगी पडते.

वेळ स्वस्त झाल्यानंतर

महागडे घड्याळ वेळ अधिक अचूक दाखवते म्हणून महाग असते, हा समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. चावीच्या घड्याळात गुंडाळलेली पोलादी कमान हळूहळू उलगडते, तिचा जोर दातेरी चाकांमधून बॅलन्स व्हील नावाच्या लहानशा डोलत्या चाकापर्यंत पोहोचतो आणि त्या चाकाच्या झोक्यांवर काटे चालतात. स्वयंचलित घड्याळात हीच कमान मनगटाच्या हालचालीने आपोआप गुंडाळली जाते. अशा यंत्राला क्रोनोमीटर, म्हणजे तपासून प्रमाणित केलेले अचूक घड्याळ, हा दर्जा देणारी स्वित्झर्लंडची अधिकृत संस्था दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतका फरक ग्राह्य धरते. सेलवर चालणारे क्वार्ट्‌झ घड्याळ, म्हणजे गारेच्या स्फटिकाच्या कंपनांवर बेतलेले साधे घड्याळ, महिन्याभरात साधारण १५ सेकंदांच्या आत राहते आणि काही शे रुपयांत मिळते. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी क्वार्ट्‌झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हा स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करत होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या ३० हजारांच्या थोडी वर एवढीच उरली.

वेळ स्वस्त झाल्यावर घड्याळाने विकायचे तरी काय, हा प्रश्न उरलेल्या कंपन्यांपुढे होता आणि त्याचे एक उत्तर ओडमार पिगे या कंपनीने १९७२ मध्येच दिले होते. जेराल्ड जेंटा या आरेखकाने तिच्यासाठी रॉयल ओक नावाचे घड्याळ रेखाटले, ज्याच्या अष्टकोनी कडेवर आठ स्क्रू लपवण्याऐवजी मुद्दाम दाखवले होते, आणि त्याची किंमत ३,३०० स्विस फ्रँक, म्हणजे त्या काळातील अनेक सोन्याच्या घड्याळांपेक्षाही अधिक ठेवली गेली. पोलादाला सोन्याहून चढा भाव लावण्याचे धाडस हाच त्या घड्याळाचा मुख्य गुण होता. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच आरेखकाने पटेक फिलिप कंपनीसाठी नॉटिलस हे पोलादी घड्याळ रेखाटले आणि धातूच्या मोडीशी नाते तोडलेल्या किमतीची प्रथा पक्की झाली.

किंमत धातूपासून सुटली की तिला आधार लागतो तो कथेचा, आणि कथा रचण्याचे काम क्वार्ट्‌झच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. रोलेक्सने १९२६ मध्ये पाणी न शिरणारी ऑयस्टर ही पेटी तयार केली आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्स या इंग्रज तरुणीने इंग्लिश खाडी पोहताना ते घड्याळ जवळ बाळगले, अशी जाहिरात लंडनच्या एका दैनिकाच्या पहिल्या पानावर दिली. खाडी पार करण्याचा तिचा विक्रम घड्याळाविना झाला होता. घड्याळ तिच्या गळ्यात होते ते त्या विक्रमावर शंका घेतली गेल्यानंतरच्या दुसऱ्या प्रयत्नात, जो थंडीमुळे अर्धवट सोडावा लागला. कंपनीला मात्र तेवढे पुरेसे होते, कारण गार पाण्यात कित्येक तास राहूनही घड्याळ चालू होते. जाहिरातीची ही रीत आजही तीच आहे : प्रसंग खरा असतो, त्यातला कोणता भाग पुढे आणायचा हे कंपनी ठरवते आणि ग्राहक घड्याळासोबत त्या प्रसंगाचा एक अंश विकत घेतो.

मुंबईचे जुने गिऱ्हाईक

कथेच्या जोरावर घड्याळ विकण्याची ही विद्या भारतीय ग्राहकाला नवी नव्हती. वेस्ट एंड वॉच कंपनी या स्विस नावाचा पाया १८८६ मध्ये मुंबईतच घातला गेला, आणि तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे सोवार हे नाव ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेतील घोडेस्वारावरून, म्हणजे आपल्या 'स्वार' या शब्दावरून आलेले होते. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांच्या मनगटावर ही घड्याळे होती, आणि फौजेच्या अंगावर टिकलेले घड्याळ घरच्या माणसालाही पुरेल, हा विश्वास जाहिरातीवाचून गावोगाव पोहोचला. १७३७ हे आपले मूळ वर्ष सांगणारी फाव्र-ल्यूबा कंपनी १८६५ पासून मुंबईच्या व्यापारात होती. भारतीय बोलीत तिचे 'फेवर लुबा' झाले, इतके ते नाव घरोघरी रुळले. तिने १९६२ मध्ये आणलेल्या बिव्हॉक या घड्याळात हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे यंत्र बसवलेले होते, म्हणजे करामतीच्या बाबतीत ती कोणाच्या मागे नव्हती.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले, आणि त्यांतून एकीकडे चोरट्या आयातीचा धंदा फोफावला, तर दुसरीकडे सरकारी मालकीच्या हिंदुस्थान मशीन टूल्स कंपनीने, म्हणजे एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला घेतली. त्या काळात चांगले घड्याळ मिळणे हेच अवघड असल्याने टंचाई कृत्रिमपणे निर्माण करावी लागत नव्हती. लग्नात नवरदेवाला दिलेले घड्याळ, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेले घड्याळ आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभातले घड्याळ या तीन प्रसंगांनी मध्यमवर्गीय मराठी घरात त्याला दागिन्याजवळचे स्थान दिले, आणि कोणत्याही जाहिरात संस्थेला साधले नसते ते रीतिरिवाजाने साधले.

टंचाईची शेती

रामटेकचे विड्याचे पान पूर्वापार नावाजलेले आहे आणि गिऱ्हाईक ते नावावर घेते. परंतु पान चार दिवसांत सुकते, त्यामुळे भाव पडला म्हणून ते रोखून धरता येत नाही आणि एकदा विकलेले पान पुन्हा विकायला कोणी आणत नाही. घड्याळाचे दोन्ही बाबतींत उलट आहे. ते वर्षानुवर्षे रोखून धरता येते, आणि विकले गेल्यावरही ते केव्हातरी बाजारात परतून नव्या घड्याळाशी स्पर्धा करते. म्हणून दुकानात पहिल्यांदा होणारी विक्री, म्हणजे प्राथमिक बाजार, आणि त्यानंतर मालकामालकांत होणारी फेरविक्री, म्हणजे दुय्यम बाजार, या दोहोंवर कंपनीला एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते; जुने घड्याळ निम्म्या भावात मिळू लागले की नव्याची किंमत कोणालाही पटत नाही.

यावरचा पहिला उपाय म्हणजे मागणीपेक्षा पुरवठा कमी राखणे. पटेक फिलिपच्या नॉटिलस घराण्यातील ५७११ क्रमांकाच्या पोलादी घड्याळाची अमेरिकेतील दुकानाची किंमत ३५ हजार डॉलरच्या आसपास होती, परंतु ते दुकानात मिळत नसे आणि दुय्यम बाजारात त्याला एक लाख डॉलरहून अधिक मोजावे लागत. सर्वाधिक मागणी असलेले हे घड्याळ कंपनीने २०२१ मध्ये बंद करायला घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस टिफनी या जवाहिऱ्याच्या नावाने फिक्या निळ्या तबकडीची १७० घड्याळे काढली गेली, आणि ५२ हजार डॉलर किमतीचे त्यांतील पहिले घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरना गेले. ती रक्कम धर्मादाय कामासाठी होती हे खरे, पण तिच्या बातमीने त्या घराण्यातील प्रत्येक घड्याळाचा मान वाढला.

दुसरा उपाय पडलेला माल बाजारातून उचलण्याचा आहे. अनधिकृत विक्रेत्यांमार्फत सवलतीत विकल्या जाणाऱ्या नव्या घड्याळांच्या बाजाराला 'ग्रे मार्केट' म्हणतात. तो चोरीचा बाजार नसतो, पण तेथील सवलत नावाला ओरखडा पाडते. कार्टिए आदी नावांची मालकी असलेल्या रिशमॉन समूहाने २०१८ पर्यंतच्या दोन वर्षांत सुमारे ४८ कोटी युरोंची न खपलेली घड्याळे विक्रेत्यांकडून परत घेतली आणि त्यांतील काही मोडून टाकली. चालती घड्याळे मोडणे वेडेपणाचे वाटले, तरी ती स्वस्तात विकली गेल्याने नावाचे जे नुकसान झाले असते ते समूहाला अधिक महागात पडले असते.

मात्र सर्वच टंचाई कंपनीने पेरलेली नसते. अभिनेता पॉल न्यूमनच्या मनगटावरचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. त्या घड्याळासारखी तबकडी असलेली घड्याळे आज दुर्मिळ आहेत याचे कारण १९६०च्या दशकात ती फारशी कोणाला आवडली नाहीत आणि म्हणून थोडीच बनली. त्या एका घड्याळाला चढलेला भाव दुर्मिळतेपेक्षाही मालकाचा होता, आणि ते न्यूमनचेच होते हे मागील झाकणावर पत्नीने कोरून घेतलेल्या, गाडी जपून चालवण्याविषयीच्या मजकुरावरून कळत होते. उताऱ्याचे महत्त्व येथूनच सुरू होते.

कंपनीचे दप्तर

जुन्या घड्याळांच्या व्यापारात 'बॉक्स-पेपर' हा शब्द सतत कानी येतो. मूळ डबी, विक्रीची तारीख व क्रमांक असलेले हमीपत्र आणि दुरुस्तीच्या पावत्या सोबत असतील तर तेच घड्याळ लक्षणीय अधिक भावाने जाते. पटेक फिलिप, ओमेगा यांसारख्या कंपन्यांनी याहून पुढे जाऊन आपल्या जुन्या नोंदवह्यांतून शुल्क घेऊन उतारा देण्याची सोय केली, ज्यात घड्याळ कधी बनले, कधी विकले गेले आणि त्याची मूळ घडण कशी होती हे लिहिलेले असते. महसूल खात्याच्या दप्तराशी याचे साम्य स्पष्ट आहे, फरक इतकाच की येथे दप्तर सांभाळणारा स्वतःच त्या मालाचा कारखानदार असतो, आणि आपल्या जुन्या मालाला भाव यावा यात त्याचे हितही असते.

या हिताचे टोक एप्रिल २००७ मध्ये जिनिव्हात दिसले. अँटिकोरम या लिलावगृहाने केवळ ओमेगा घड्याळांचा मोठा लिलाव भरवला आणि त्यात १९५०च्या दशकातील एक प्लॅटिनमचे घड्याळ ३ लाख ५१ हजार डॉलरना गेले. ओमेगाने त्या विक्रमी बोलीचा गाजावाजा केला. बोली लावणारी खुद्द ओमेगा होती, हे काही महिन्यांनी अमेरिकी वृत्तपत्राच्या शोधातून बाहेर आले. आपल्या संग्रहालयासाठी आपण खरेदी करतो असे कंपनीचे म्हणणे होते आणि त्यात बेकायदा काही नव्हते. तथापि स्वतःच्या बांधीला स्वतःच चढी बोली लावली की शेजारच्या बांध्यांचाही भाव वाढतो, हे जमिनीच्या व्यवहारातील कोणीही सांगेल.

रोलेक्सने २०२२च्या डिसेंबरमध्ये अधिक उघड मार्ग धरला. अधिकृत विक्रेत्यांकडील जुनी घड्याळे तपासून त्यांना अस्सलपणाची मोहोर आणि दोन वर्षांची हमी देण्याची योजना तिने सुरू केली, आणि पुढील वर्षी बुखरर ही मोठी विक्रेता कंपनीच विकत घेतली. दुय्यम बाजाराला दुरून वळण देण्याऐवजी त्याचे दप्तरच आपल्या हाती घेण्याची ही चाल होती.

मुंबई स्पेशल

हे दप्तर नसले तर काय होते, याचे उदाहरण मुंबईने जगाला दिले. परदेशी संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' हे टोपणनाव रूढ आहे. भारतातून विकल्या जाणाऱ्या आणि निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून, नव्याने रंगवून तयार केलेल्या जुन्या घड्याळांसाठी ते वापरले जाते. एचएमटी, फेवर लुबा, वेस्ट एंड, सेइको ही त्यांतील नेहमीची नावे. काम पुष्कळदा कौशल्याचे असते : काळवंडलेली तबकडी खरवडून तिच्यावर रंगाचा नवा थर दिला जातो, त्यावर अक्षरे छापली जातात, पेटीला पॉलिश होते, काच आणि पट्टा बदलतो.

भिंगाखाली मात्र गोष्टी उघड होतात. मूळ तबकडीवरील अक्षरांच्या कडा धारदार असतात, रंगवलेल्या तबकडीवर त्या किंचित फुगतात आणि शाई पसरलेली दिसते. मिनिटांच्या रेघा बसवलेल्या आकड्यांशी नेमक्या जुळत नाहीत. सहाच्या आकड्याखाली कडेला असणारी स्विस बनावटीची बारीक ओळ गाळलेली किंवा तिरपी असते. पन्नास वर्षांच्या घड्याळाचे काटे अंधारात नव्यासारखे चमकतात. आणि चावी द्यायच्या बोंडावर कंपनीचे चिन्ह नसते. भडक निळ्या किंवा केशरी रंगाची एखादी तबकडी तर अशी असते, जी त्या कंपनीने कधी काढलीच नव्हती.

या धंद्याला सरसकट फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. सुटे भाग मिळत नसताना चार बंद घड्याळांतून एक चालू करणे ही घड्याळजीची जुनी विद्या आहे, आणि ज्याला वेळ पाहायची आहे त्याच्या दृष्टीने ती उपकारक आहे. दोष उत्पन्न होतो तो असे घड्याळ मूळ स्थितीतील म्हणून विकताना. शिवाय हा दोष मुंबईपुरता नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ सालच्या बनावटीचे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकना विकले गेले आणि ते घेतले होते ओमेगाच्याच संग्रहालयाने. ते घड्याळ बहुतांशी अस्सल ओमेगा भागांतून पण जुळवून तयार केलेले होते आणि या प्रकारात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, असे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. सर्व भाग खरे आणि घड्याळ मात्र खोटे, अशी ही अवस्था होती. या रकमेचे प्रमाण लक्षात यावे म्हणून एक तुलना पुरेशी आहे : टायटन कंपनीने २०११ मध्ये फाव्र-ल्यूबा हे नाव, त्यामागच्या पावणेतीनशे वर्षांच्या वारशासह, सुमारे २० लाख युरोंना विकत घेतले होते, म्हणजे त्या एका जुळवलेल्या घड्याळापेक्षाही कमी किमतीत. फाव्र-ल्यूबाची कथा आणि करामत उणी नव्हती. तिच्या जुन्या मालाची नोंद आणि पत अखंड सांभाळणारे कोणी मधल्या काळात उरले नव्हते.

झाकणाच्या आत

एचएमटीने १० कोटींहून अधिक घड्याळे बनवली, त्यामुळे दुर्मिळतेच्या नेहमीच्या व्याख्येत ती बसत नाहीत. घड्याळांचा कारखाना बंद होणार ही बातमी २०१४ मध्ये पसरताच जुन्या चावीच्या घड्याळांना मागणी आली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो बंद करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून १७ ज्युवेलच्या, म्हणजे चाकांचे आस ज्यांत फिरतात असे कृत्रिम माणकाचे सतरा खडे असलेल्या, जनता घड्याळालाही संग्राहक मिळू लागले. देवनागरी आकड्यांच्या तबकडीला तर विशेष मागणी आहे, आणि म्हणूनच रंगवलेल्या देवनागरी तबकड्याही बाजारात पुष्कळ आहेत. घड्याळे कोट्यवधी असली तरी हात न लागलेली थोडी आहेत, आणि ती कोणती हे सांगणारे दप्तर नाही, या पेचामुळे त्यांचा भाव काही हजारांच्या पलीकडे सहसा जात नाही.

महागड्या स्विस घड्याळांकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्या भारतीय ग्राहकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दुय्यम बाजारातील भाव २०२२च्या पूर्वार्धात शिखरावर गेले आणि नंतर दीर्घकाळ घसरत राहिले, त्यामुळे ही चढण एकाच दिशेची नाही. शिवाय स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहे. नव्या घड्याळाची भारतातील किंमत त्यामुळे उतरली, तर शुल्क भरून आज घेतलेल्या घड्याळाच्या फेरविक्रीवर त्याचा दाब येणारच.

राहता राहिले ते घरोघरच्या कपाटातील, बंद पडलेले वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ. त्याची डबी केव्हाच हरवलेली असते, पावती सापडत नाही आणि कंपनीकडून उतारा मिळण्याची सोय नसते. तरी मागील झाकण उघडले तर आतल्या चकचकीत बाजूवर सुईच्या टोकाने कोरलेल्या बारीक खुणा दिसतात : एक तारीख, दोन अक्षरे, एखादा आकडा. घड्याळ साफ करून तेल दिले की पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून घड्याळजी त्या कोरत असत. ते घड्याळ कोणत्या साली कोणाच्या हाताखालून गेले याचा तो फेरफार असतो, आणि झाकणाला पॉलिश करायला देणारा माणूस नेमका तोच पुसून टाकतो.